पेटीतली बाळं

२०२३ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन रविवारी आलं होतं, १२ नोव्हेंबरला. पूजा झाली, खाली पोरांचे फटाके सुरू, खिडक्या लावून घेतल्या तरी घरात तो जळक्या दारूचा वास भरलेला, आणि मी सोफ्यावर बसून चकली खात मोबाईल चाळत होतो. शाळेच्या ग्रुपवर (आमची चिपळूणची दहावीची बॅच, मेंबर ८७, बोलणारे १२) शुभ दीपावलीचे तेच ते हलणारे दिवे येत होते आणि मधेच एकानं एक फोटो टाकला. हॉस्पिटलचा पलंग, त्यावर एकाला एक चिकटून आडवी ठेवलेली एवढीएवढीशी बाळं. काही हिरव्या कापडात गुंडाळलेली. डायपर इतके ढगळे की डायपरच बाळाला पांघरलाय असं वाटावं. खाली लिहिलं होतं, गाझा, अल शिफा हॉस्पिटल, लाईट नाही, इन्क्युबेटर बंद, बाळं बाहेर काढून ठेवलीत. लगेच दोन्ही बाजूंनी सुरू झालं. एक म्हणे खाली हमासचे बोगदे आहेत ते बोला आधी, दुसरा म्हणे तुम्हाला बाळं दिसत नाहीत का, तिसऱ्यानं परत दिवा टाकला.

खरं सांगतो, तो फोटो बघून माझ्या मनात पहिलं जे आलं ते 'अरेरे' नव्हतं. 'आला बघा इन्क्युबेटर' हे आलं. आणि मी चकली बाजूला ठेवून दोन्ही अंगठ्यांनी टाईप केलं की मित्रांनो, भावनेच्या भरात फॉरवर्ड करू नका, १९९० साली कुवेतमधल्या इन्क्युबेटरची अशीच स्टोरी आली होती, सगळं जग रडलं, नंतर ती पैसे घेऊन प्रचार करणाऱ्या एका पीआर कंपनीची निघाली, तेव्हा आधी सोर्स विचारा. पाच मिनिटांत १७ अंगठे. दोन्ही पार्ट्यांचे. एकानं तर लिहिलं, 'ग्रुपमधे एक तरी वाचणारा माणूस आहे'. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चकली जास्तच खुसखुशीत लागली.

पाडव्याला दादाकडे जेवायला गेलो होतो. वहिनी सिस्टर आहेत, सरकारी हॉस्पिटलात, २६ वर्षं झाली, त्यातली बरीचशी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात गेली. मॉर्निंग ड्यूटी करून येऊन पुऱ्या लाटत होत्या. मी दादाला तो मेसेज दाखवत होतो, म्हणजे खरं तर १७ अंगठे दाखवत होतो, तर वहिनींनी हात पुसले आणि म्हणाल्या बघू. मी लिहिलेलं त्यांनी वाचलंच नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, इकडून तिकडे सरकवला, एकेका बाळावर थांबल्या. मग म्हणाल्या, "ऊब धरायला असं ठेवलंय, भाऊजी. एकाची दुसऱ्याला. आमच्याकडे मागे एकदा रात्री लाईट गेली आणि जनरेटर उचलेना, तेव्हा आम्ही दोघीतिघींनी असंच केलं होतं, दोनदोन बाळं एका दुपट्यात." मी काहीतरी बोललो, नॅरेटिव्ह, ऑप्टिक्स, कॅमेरा कोण घेऊन गेला वगैरे. त्यांनी फोन परत दिला. "असेल हो, ते मला नाही कळत. पण हे लावलंय ते सिस्टरनं लावलंय." आणि तेल तापलं का बघायला गेल्या.

हे लावलंय ते सिस्टरनं लावलंय. डोक्यातून जाईना ते वाक्य.

आमची मुलगी २००९ मधे सातव्या महिन्यात झाली, साडेतेराशे ग्रॅम, १९ दिवस पेटीत होती. घरात इन्क्युबेटर कोणी म्हणत नव्हतं, आजी रोज फोनवर विचारायची, "पेटीतून काढलं का गं?" आणि 'पेटी' म्हटलं की मला आजीची लोखंडी ट्रंकच डोळ्यासमोर यायची, डांबरगोळ्यांच्या वासाची. ही काचेची. आत जायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, गाऊन घालायचा, त्यांच्या स्लिपर घालायच्या ज्या कायम ओल्या असायच्या. पेटीला बाजूला गोल दारं, त्यातून हात आत घालायचा. मी पहिल्या दिवशी बोटानं तिच्या पायावरून हात फिरवायला लागलो तर सिस्टर म्हणाली, "गोंजारू नका, नुसता हात ठेवा, त्यांना गोंजारलेलं सहन होत नाही." पोटावर एक चकचकीत स्टिकर चिकटवलेला असायचा, त्याखाली तापमान बघणारी वायर. तो स्टिकर सुटला की मशीन ओरडायचं, आणि सिस्टर दुसऱ्या बाळाचं फीड देतादेता, मान न वळवता, हात मागे करून तो दाबून चिकटवायची. मशीनवरचा आकडा ३६.५ च्या खाली गेला की माझ्याच पोटात गार पडायचं. १९ दिवस मी दुसरं काही वाचलं नाही, फक्त तो आकडा. त्यामुळे उघड्यावर ठेवलेलं बाळ म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नाही. आणि तरीही माझ्या मनात पहिलं काय आलं, तर सोर्स काय.

आता कुवेत. कुवेत माझ्यासाठी पुस्तकातलं नव्हतं, आमच्या आळीतलं होतं. कोकणात गल्फवाल्यांची घरं लांबून ओळखू यायची, कौलांच्या रांगेत एकदम स्लॅबचं घर, गॅलरीला रंगीत ग्रील. आमच्या समोरचे काका कुवेतला एका कंपनीच्या गोदामात होते, सगळी आळी त्यांना कुवेतवाले काका म्हणायची. सुट्टीवर आले की निडोच्या पावडरीचे पिवळे डबे, टँग, अत्तर, आणि ब्लँकेटं, वाघाच्या चित्राची. एरवी पत्राऐवजी ते कॅसेट भरून पाठवायचे. काकी संध्याकाळी टू-इन-वनवर ती लावायच्या आणि आम्ही पोरं ओट्यावर बसून ऐकायचो, काका लांबून, खरखरीत आवाजात, विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते विचारायचे. मधे मागे कुणीतरी अरबी बोलायचं, कधी एसीचा घर्र आवाज. मला कुवेत म्हणजे अजून तो एसीचा आवाज आठवतो.

२ ऑगस्ट १९९० ला सद्दामचं सैन्य कुवेतमधे शिरलं आणि कॅसेटी बंद झाल्या. काकी रोज पोस्टमनला गाठायच्या, मग पोस्टमन वाट बदलून जायला लागला. काका सप्टेंबरच्या शेवटी आले. बसनं बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सीमेवर वाळवंटातल्या तंबूत आठ दिवस, अम्मान, तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईचं सहार विमानतळ, आणि मग रात्रीच्या एसटीनं चिपळूण. त्या दोन-अडीच महिन्यांत असे दीड लाखाहून जास्त लोक आणले एअर इंडियानं, पाचशेच्या आसपास फेऱ्या करून. काकांच्या हातात एक रेक्झिनची बॅग. दाढी वाढलेली, टाचा फुटलेल्या. बँकेतले पैसे बँकेत राहिले, जवळ होते त्या दिनारांना कोणी विचारेना. दोन दिवस ते झोपूनच होते, आणि तिसऱ्या दिवसापासून आळी त्यांच्या ओट्यावर.

लोकांना ऐकायचं होतं ते काका सांगत नव्हते, हे मला तेरा वर्षांचा असूनही कळलं होतं. काका सांगायचे की सैनिक पोरसवदा होते, उपाशी होते, त्यांनी गोदामातले एसी नेले, टीव्ही नेले, ट्रकच्या ट्रक भरून नेले, एकानं काकांचं घड्याळ घेतलं आणि दुसऱ्यानं त्याच दिवशी त्यांना खुबूस दिला, खुबूस म्हणजे तिथली रोटी. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका कुवेती मुलाला नेलं तो परत आला नाही, हे सांगताना आवाज एकदम बारीक करायचे. पुढे कधीतरी, थंडी पडली होती तेव्हा, पेपरातनं किंवा कुणाच्या तोंडून ती बातमी आमच्यापर्यंत आली की इराक्यांनी हॉस्पिटलातल्या बाळांना पेट्यांतून काढून फरशीवर टाकलं. आळीतल्या एका मास्तरांनी काकांना विचारलं, "मग हे खरं का?" काका म्हणाले, "मी नाही पाहिलं. मी गोदामात होतो." मास्तरांचा चेहरा पडला. साक्षीदार घरात आणि त्याच्याकडे माल नाही. त्यानंतर ओट्यावरची गर्दी कमी झाली असं मला आठवतं, कदाचित मी आता नंतरचं माहीत असल्यामुळे तसं आठवत असेन.

ती बातमी कुठून निघाली ते मला कळायला पुढे बरीच वर्षं गेली. १० ऑक्टोबर १९९०, वॉशिंग्टन. अमेरिकन संसदेतल्या मानवी हक्कवाल्या सदस्यांच्या एका गटापुढे १५ वर्षांची एक मुलगी बोलायला बसली. नाव नुसतं नायिरा, आडनाव नाही, कुवेतमधल्या घरच्यांना धोका म्हणून. तिनं सांगितलं की ती अल अदान हॉस्पिटलात मदतीला जात होती, इराकी सैनिक बंदुका घेऊन आत आले, बाळांना इन्क्युबेटरमधून काढलं, इन्क्युबेटर नेले आणि बाळं गार फरशीवर मरायला टाकली. मी तो व्हिडिओ यूट्यूबवर पाहिला, दोनतीनदा पाहिला. ती रडते. तिचं रडणं मला खोटं वाटत नाही, हीच पंचाईत आहे. पंधरा वर्षांची मुलगी, देश खरोखरच गिळलेला, ती रडणारच. पण एक गोष्ट बघताना खटकली, आणि ती मला पेटीशेजारी १९ दिवस काढल्यामुळे खटकली असावी. बाळ म्हणजे नळ्या, टेप, वायरी, तो ओरडणारा आवाज. तिच्या बोलण्यात 'बाळ' आहे, 'फरशी' आहे, 'गार' आहे. वायर एकपण नाही. अर्थात हे मी सगळं माहीत झाल्यावर म्हणतोय, तेव्हा बघितलं असतं तर मीही रडलो असतो.

ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची होती, सौद नासिर अल सबाह यांची, म्हणजे राजघराण्यातली. तिला तिथे बसवणारी कंपनी हिल अँड नोल्टन, त्या वेळची जगातली बड्यातली बडी पीआर कंपनी, आणि तिच्या वॉशिंग्टन ऑफिसचा मुख्य क्रेग फुलर, जो थोरले बुश (१९९० चे राष्ट्राध्यक्ष) आधी उपराष्ट्राध्यक्ष असताना त्यांचा चीफ ऑफ स्टाफ होता. गिऱ्हाईक कोण तर 'सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत', म्हणजे स्वतंत्र कुवेतसाठी झटणारे नागरिक. नाव ऐकून वाटतं की गणपतीची वर्गणी काढल्यासारखी लोकांनी पैसे काढून चालवलेली संस्था असेल. तर जवळजवळ १ कोटी १९ लाख डॉलर कुवेत सरकारचे आणि साध्या लोकांकडून आलेले १८ हजारसुद्धा नाहीत. त्यातले सुमारे १ कोटी ८ लाख कंपनीला. त्यात टीशर्ट, गाड्यांवरचे स्टिकर, कॉलेजांमधले कुवेत दिवस, पत्रकारांना द्यायच्या फायली, आणि टीव्ही स्टेशनांना तयार करून पाठवलेल्या बातम्या, म्हणजे स्टेशनवाल्यांनी नुसतं लावायचं. सुनावणीचा व्हिडिओही असाच कंपनीनंच काढून वाटला, आणि त्याच रात्री तो देशभर दिसला.

मला ह्यात सगळ्यात विचित्र वाटतं ते हे की लपवलेलं फारसं काही नव्हतंच. परदेशी सरकारसाठी काम करणाऱ्या कंपनीला तिथल्या कायद्यानं नोंद करावी लागते, पैशाचे आकडे द्यावे लागतात, आणि कंपनीनं ते दिले होते. कागद सरकारी कपाटात होता. सुनावणी ही अधिकृत समितीची नव्हती, नुसत्या एका गटाची होती, म्हणून शपथ नव्हती, म्हणून खोटं बोललं तरी खोटी साक्ष नव्हे, हेही कोणीही विचारलं असतं तर कळलं असतं. त्या गटाशी जोडलेली एक संस्था हिल अँड नोल्टनच्याच ऑफिसात कमी भाड्यानं जागा घेऊन होती. गटाच्या दोन प्रमुखांपैकी एक टॉम लँटोस, त्यांना मुलगी कोण ते ठाऊक होतं. आणि हे लँटोस म्हणजे कोण, तर नाझींच्या तावडीतून पोरवयात वाचलेला माणूस, अमेरिकन संसदेतला एकमेव. ह्या एका तपशिलाशी मी नेहमी अडखळतो. त्यांना सरळ बदमाश म्हणून मोकळं होता येत नाही. आपली बाजू खरी आहे ना, मग एवढं चालतं, असं वाटलं असेल का? आपल्यालाही रोज वाटतंच की.

आणि बाजू खरी होतीच, हा ह्यातला आणखी एक काटा. सद्दामच्या सैन्यानं कुवेत लुटला, माणसं पकडली, छळली, मारली. काकांच्या शेजारचा तो मुलगा परत आला नाही. मग पेट्या कशाला लागल्या? तर कंपनीसाठी विर्थलिन ग्रुप नावाची सर्व्हेवाली मंडळी लोकांना खोलीत बसवून तपासत होती, कुठलं वाक्य ऐकलं की माणूस हलतो. आंतरराष्ट्रीय कायदा मोडला म्हटलं, हालचाल नाही. तेल म्हटलं, लोक उलट चिडतात. एका छोट्या राजाची गादी गेली ह्याचं तर ओहायोतल्या माणसाला काय पडलंय. क्रौर्य म्हटलं की मात्र काटा वर. चुकीचं नाही ते, आपलाही काटा तिथेच वर जातो. एवढंच की मग क्रौर्य शोधावं लागतं, आणि जे खरं सापडतं ते काकांच्या गोष्टीसारखं असतं, एकानं घड्याळ घेतलं, दुसऱ्यानं खुबूस दिला. त्याचं पोस्टर होत नाही.

पुढचं भराभर झालं. अ‍ॅम्नेस्टी ह्या मानवी हक्कांच्या संघटनेनं डिसेंबरच्या अहवालात ३०० च्या वर बाळं गेल्याचं छापलं (युद्ध संपल्यावर मागे घेतलं). युनोत एकजण खोट्या नावानं सर्जन म्हणून उभा राहिला आणि बाळं पुरल्याचं सांगून गेला, तो नंतर दाताचा डॉक्टर निघाला. बुश भाषणांमधे पेट्या आणत राहिले, सात सिनेटरांनी मतदानाआधी ती गोष्ट सांगितली, आणि १२ जानेवारी १९९१ ला सिनेटनं युद्धाला होकार दिला, ५२ विरुद्ध ४७. नायिरा नसती तर युद्ध झालंच नसतं असं मी म्हणणार नाही, अमेरिकेचं सैन्य कधीच सौदीच्या वाळवंटात जाऊन बसलं होतं. पण पाच मतं म्हणजे काय हे आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामपंचायतीत विचारा.

आपल्याकडे तेव्हा हवा उलटी होती ते गमतीचं. गुजराल परराष्ट्रमंत्री म्हणून बगदादला जाऊन सद्दामला मिठी मारून आले होते, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला. आळीत सद्दामचं कौतुक करणारे निम्मे तरी होते, अमेरिकेला नडणारा एक तरी आहे म्हणून, आणि त्यात सद्दामनं कुवेतवाल्या काकांना रस्त्यावर आणलं हे कोणाच्या ध्यानातच नसायचं. चंद्रशेखर सरकारनं अमेरिकेच्या लष्करी विमानांना तेल भरू दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. काका ज्या मुंबईत रेक्झिनची बॅग घेऊन उतरले, त्याच मुंबईत ती विमानं तेल भरून तिकडे चालली होती, आणि काका ओट्यावर बसून म्हणाले, "जाऊ दे, निदान कुणीतरी तिकडे जातंय." माझा मामा मुंबईत होता, त्याच्या केबलवाल्यानं सीएनएन जोडून दिलं होतं, तो सुट्टीत आला की रंगवून सांगायचा, हिरवा अंधार, त्यात वर जाणाऱ्या ठिणग्या, आणि बाँब सरळ खिडकीतून आत जातो ते. आम्ही पोरं तोंड उघडं टाकून ऐकायचो. त्या युद्धात टाकलेल्या बाँबपैकी असे नेम धरणारे दहा टक्केही नव्हते हे मामाला कोण सांगणार, सीएनएनवर तर सगळेच खिडकीतून जायचे. १३ फेब्रुवारीला त्या नेमवाल्यांपैकीच दोन बगदादच्या अमिरिया भागातल्या निवाऱ्यात शिरले. आत झोपलेली चारशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक बायका आणि पोरं. तिथे नेम अगदी बरोबर लागला होता.

कुवेत सुटलं त्या दिवशीची गर्दी आठवते का कुणाला, रस्त्यावर लोक छोटेछोटे अमेरिकन झेंडे हलवतायत? जॉन रेंडन नावाचा पीआरवाला, त्यानं १९९६ मधे लष्करी अकॅडमीतल्या मुलांपुढे स्वतःच विचारलं की सात महिने ओलीस राहिलेल्या लोकांच्या हातात हे झेंडे कुठून आले असतील असा प्रश्न तुम्हाला कधी पडला का, आणि सांगितलं की ते माझं एक काम होतं. आनंद खरा, झेंडे पुरवलेले. मी ह्याचा विचार करताना नेहमी आमच्या शाळेचा १५ ऑगस्ट आठवतो, तेच कागदी झेंडे बाईंनी वाटलेले असायचे आणि आम्हाला आनंदही खरा व्हायचा.

मग मार्च १९९१ मधे एबीसी ह्या अमेरिकन चॅनेलचा बातमीदार जॉन मार्टिन कुवेतच्या हॉस्पिटलांमधे जाऊन विचारून आला. एका डॉक्टर नवराबायकोनं सांगितलं की पेट्या नेल्या वगैरे काही झालेलं नाही. बाळं मात्र गेली. का गेली, तर बघायला नर्स नव्हत्या म्हणून, त्या पळाल्या होत्या. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसतं 'हां, म्हणजे खोटं होतं' एवढंच घेतलं. पाडव्याला रात्री घरी आल्यावर परत शोधून वाचलं, ह्या वेळी वहिनींचं वाक्य डोक्यात ठेवून. नर्स नव्हत्या. त्या नर्स कोण? गल्फच्या हॉस्पिटलात नर्स कुठून जातात आपल्याला माहीत आहे, केरळातून, फिलिपिन्समधून. म्हणजे काका जॉर्डनच्या तंबूत आठ दिवस पाण्याच्या रांगेत उभे होते त्या रांगेत अशी एखादी सिस्टर असणारच, जिनं आदल्या आठवड्यात हात मागे करून कुणाचा तरी स्टिकर दाबला असेल. तिनं पळायला नको होतं असं कोणी म्हणावं? ती कुठल्याही सुनावणीत बसली नाही. तिच्या गोष्टीत राक्षस नाही, बंदूक लांबवर आहे, फक्त एक खोली आहे जिच्यात मशीन ओरडतंय आणि मान वळवणारं कोणी नाही. बाळ तितकंच मेलं. कुवेत सरकारनं पुढे क्रोल नावाच्या कंपनीकडून पैसे देऊन चौकशी करून घेतली, तर निघालं काय, की नायिरा त्या हॉस्पिटलात थोडाच वेळ जाऊन आली होती आणि पेटीबाहेर एक बाळ तिला दिसलं होतं, तेही क्षणभर. एक बाळ, क्षणभर.

ती राजदूताची मुलगी आहे हे जगाला जानेवारी १९९२ मधे कळलं, जॉन मॅकार्थर ह्या अमेरिकन पत्रकारानं न्यूयॉर्क टाइम्समधे लिहिलं तेव्हा. युद्ध संपून वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून ती गोष्ट माझ्यासारख्यांच्या हातात आहे. आम्ही शहाणे. आम्हाला कळलेलं असतं. कुठंही बाळ दिसलं की आम्ही नायिरा काढतो, जसं काही मंडळी कुठलाही विषय निघाला की पानिपत काढतात. २०२३ च्या ऑक्टोबरमधे तर त्याला खतपाणीच मिळालं. ७ तारखेला हमासनं बाराशेच्या आसपास माणसं मारली, त्यात लहान मुलं होती, आणि हे पुरेसं भयंकर नव्हतं म्हणून की काय, चार दिवसांत '४० बाळांची मुंडकी' जगभर फिरली. बायडन म्हणाले फोटो पाहिले, मग व्हाईट हाऊस म्हणालं नाही पाहिले. आमच्या ग्रुपवर दोन दिवस तेच, आणि ते ढासळल्यावर उरलेल्यांनी सगळंच खोटं ठरवलं, खरी मेलेली मुलंसुद्धा. त्यांचं ते सगळंच खोटं ठरवणं मी पाहत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, लोक कसे मूर्ख. मग महिन्यानं माझी पाळी आली.

१९ नोव्हेंबरला वर्ल्डकपची फायनल होती. आठवत असेलच, आठवायची कोणाला इच्छा नाही. दादाकडेच सगळे जमलो होतो, वहिनींची इव्हिनिंग ड्यूटी होती. हेडचं शतक झालं तेव्हा घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, भेळेतल्या कुरमुऱ्यांचा पार चिवडा झालेला, आणि माझा फोन वाजला. वहिनींचा मेसेज. मला वाटलं स्कोअर विचारतायत. 'भाऊजी त्या बाळांचं काय झालं हो?'

टीव्हीवर कोणी काही सांगत नव्हतं, कोण सांगणार त्या दिवशी. मी गॅलरीत जाऊन शोधलं. त्याच दिवशी ३१ बाळांना अल शिफामधून काढून अँब्युलन्सनं रफाला नेलं होतं. लिहिलं वहिनींना. त्यांनी विचारलं, 'आधी किती होती?' आधीच्या बातम्यांत ३९ होती. तेही लिहिलं. निळ्या टिका आल्या, पुढे काही नाही. फीडची वेळ असावी. दुसऱ्या दिवशी त्यांतली २८ सीमा ओलांडून इजिप्तला गेली, ते मी त्यांना सकाळी आपणहून कळवलं, तर त्यांचं उत्तर, 'वजन दिलंय का कुठे?' कुठेच दिलेलं नव्हतं.

मग मी शाळेच्या ग्रुपवर वर वर सरकत गेलो, फायनलचे शिव्याशाप, भाऊबिजेचे दिवे, पाडव्याचे दिवे, आणि माझा तो मेसेज सापडला. दाबून धरला. आठ दिवस होऊन गेले होते, 'डिलीट फॉर एव्हरीवन' कधीच निघून गेलं होतं, नुसतं 'डिलीट फॉर मी' दिसत होतं. खाली काहीतरी लिहावं म्हणून टाईप करायला घेतलं, 'मित्रांनो, तो फोटो खरा होता', एवढं लिहिलं आणि बघत बसलो, कारण पुढे काय लिहायचं ते सुचेना. मेसेजखालचे अंगठे १७ होते त्याचे १९ झाले होते.